बोलायचा नसतो तो ह

पावणेसातला फोन टेबलावर थरथरतो,
पावाच्या चुऱ्यासकट बोटभर पुढे सरकतो.
‘एल लिमोनारचा आवाज’ हे त्यांचं पान.
काळी पाटी, पांढरी अक्षरं,
कोपऱ्यात शिक्का: लिंबाची फांदी, तिच्यावर विंचू.

‘बंधूंनो, तुमच्याशी आमचं भांडण नाही..
रात्री नऊनंतर दिसेल तो आमचा शत्रू..
उद्या बालदिन. चौकात या, अकरा वाजता, खेळणी आहेत..’

एका दमात. मध्ये श्वाससुद्धा नाही.

गेल्या सप्टेंबरात नदी घरांत शिरली
तेव्हा सरकारच्या आधी त्यांचा ट्रक आला,
ट्रकच्या आधी कॅमेरा.
शेजारच्या चायोला काळा घेवडा, तेल, सार्डिनचे सहा डबे दिले,
मग परत घेतले आणि पुन्हा दिले,
कारण पहिल्या वेळी ती हसली नव्हती.
व्हिडिओखाली चारशे बारा बदाम,
जोडलेले हात, देव तुमचं भलं करो.
“तूही टाक की एक,” चायो म्हणते, “फुकट असतो.
कोण टाकत नाही, ते मोजतात म्हणे.”

मी एकेचाळीस वर्षं शुद्धलेखन शिकवलं.
डोळ्यांना वळणच तसं पडलंय,
धमकीच्या आधी चूक दिसते.
बंधूंनो. हेर्मानोस.
पहिला ह गाळलेला आहे.

आमच्या भाषेत तो लिहायचा असतो,
बोलायचा नसतो.

तिसरीतला नेरेओ, पुढचा दात पडलेला,
वहीला लिंबाच्या सालीचा वास.
“बाई, बोलायचाच नाही तर लिहायचा कशाला?”
मी म्हटलं, घरी मुका पाहुणा आला
तर त्याचं ताट मांडत नाही का आपण?
तो खूप हसला.
पुढच्या निबंधातही त्यानं ताट मांडलं नाही.
हजार मुलं हाच ह विसरतात, मी स्वतःला बजावते.
पण वाक्याच्या शेवटी दोन टिंबं
एकटा तोच द्यायचा.
एकानं वाक्य थांबत नाही, म्हणायचा.

फिदेन्सिओ, लिंबांचा दलाल,
अकरा दिवस घरी आला नाही.
त्याच्या आईनं फोटो टाकला: कुणी पाहिलंय का याला?
बदाम शून्य.
दुपारपर्यंत फोटोही नव्हता.
रविवारी चर्चमध्ये ती बाकावर माझ्या शेजारी बसली,
काळ्या शालीत, ताठ,
आणि सगळं गाव तिला वाचत होतं
तिचा उच्चार न करता.

त्या रात्री मी चष्मा लावला.
त्यांच्या पाटीखाली, बदामांच्या रांगेत,
एक अक्षर टाकलं.
ह.
लाल शाई फोनमध्ये नसते.
मग दिवा मालवून बसले.
एक मोटारसायकल गल्लीतून गेली,
थोड्या वेळानं तीच परत आली,
की दुसरी होती, कोण जाणे.

सकाळी नवी पाटी.
हेर्मानोस. ह जागच्या जागी, ठसठशीत.
माझं अक्षर मात्र खालून पुसलेलं.
दाराशी घेवड्याची पिशवी,
गाठीला बांधलेला गुलाबी फुगा.
“बघ,” चायो म्हणते, “तुझी आठवण ठेवली त्यांनी.”
म्हणताना ती फुग्याकडे बघत नाही.

तिसऱ्या ओळीत एका स्वरावरची तिरकी रेघ राहून गेली आहे.
‘गाव शांत आहे’ असं म्हणायचंय त्याला.
रेघेवाचून त्यातलं ‘आहे’ उरत नाही.
शेवटी दोन टिंबं.

अंगठा ॲप्रनच्या खिशात घालून
मी ओळ पुन्हा वाचते.
तपासत नाही.